खेकड्याचं बीळ मॉडेलमध्ये नसतं

कर्वेनगरातल्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी मावळातल्या भाताचा हिशेब करते. सोसायटीत कुणी विचारलं तर "शेतीसंशोधनात आहे" एवढंच सांगते, कारण पुढं सांगायला गेलं की समोरचा हटकून विचारतो, "मग शेत कुठंय तुमचं?" शेत माझं नाही. रोजचा पाऊस, कमाल-किमान तापमान, मातीतलं चिकणमातीचं प्रमाण, सामू, सेंद्रिय कर्ब, चिखलणीची तारीख, लावणीची तारीख, युरिया कधी आणि किती, हे सगळं संगणकात भरलं की मॉडेल सांगतं: या खाचरातून हंगामभरात इतका मिथेन हवेत जाईल, इतकं नत्र वाया जाईल, इतकं भात हाती येईल. मग ते खरं आहे का, हे बघायला चिखलात उतरावं लागतं. या दोन कामांपैकी दुसरं महागडं, ओलं आणि दुर्लक्षित. पहिल्याची सगळी लायकी मात्र त्याच्यावरच ठरते, हे माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलंय.

मी राहते ते कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी आपला आश्रम पुण्यातून हलवून रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या जागेवर एका झोपडीत आणला, तेव्हा इथं माळ होता आणि नदीकडं शेतं होती. आता मुठेच्या काठापर्यंत इमारती आहेत. वारज्याकडं गेलं की बायफचं आवार लागतं, तेवढीच शेतीची आठवण. पण शेती आणि हवामान यांचा एकत्र विचार करायला पुण्याइतकं जुनं ठिकाण देशात क्वचितच सापडेल. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं आणि १९३२ मध्ये इथं कृषी हवामान विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख डॉ. एल. ए. रामदास. त्यांच्यापुढचा एक प्रश्न साधा होता: निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड काय असतं? पुस्तकं म्हणायची, जमीन. कारण उष्णता बाहेर टाकते ती जमीन. हवा तिच्यामुळं गार होते. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी जमिनीलगत वेगवेगळ्या उंचीवर तापमापक लावले आणि १९३२ मध्ये सांगितलं की सर्वांत थंड हवा जमिनीपासून वीत-हातभर वर असते. कित्येकांना ते पटलंच नाही. मोजणीतच खोट असणार म्हणाले. त्यामागचं भौतिकशास्त्र समाधानकारकपणे मांडायला १९९० चं दशक उजाडलं, बंगळुरूला रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं. साठ वर्षं तापमापक बरोबर होता आणि सिद्धान्त त्याच्या मागून येत होता. आमच्या धंद्यात नवीन आलेल्या पोरांना मी ही गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगते.

दुसरी गोष्ट भाताची, आणि ती जास्त जवळची. भाताच्या पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू संपला की तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. त्यातला बहुतेक भाग बुडबुड्यांनी वर येत नाही. भाताच्या खोडातल्या पोकळ्यांतून, शहाळ्यातली नळी असावी तसा, वर चढून हवेत जातो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीसपट तापवतो. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं भारतातल्या भातखाचरांतून वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन निघतो असा अंदाज काढला होता. तो युरोप-अमेरिकेतल्या मोजमापांवरून गुणाकार करून काढलेला होता. त्यावर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डॉ. अ. प. मित्रा यांच्या पुढाकारानं १९९१ मध्ये देशभर मोजणी झाली. निरनिराळ्या राज्यांतल्या खाचरांवर पेट्या ठेवून. आकडा आला सुमारे ४० लाख टन. जवळजवळ नवव्या-दहाव्या हिश्श्यावर. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींच्या तोंडावर हा फरक म्हणजे देशाच्या माथी येणाऱ्या जबाबदारीचा फरक होता. त्याच वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीसाठीचं उत्सर्जन एका तराजूत घालू नका, असं ठणकावून लिहिलं. कर्वेनगरच्या उड्डाणपुलावर संध्याकाळी अडकलेल्या मोटारींमध्ये बसून मावळातल्या वीस गुंठ्यांच्या मिथेनचा विचार करताना मला ते दर वेळी आठवतं.

आता पेटीबद्दल. पारदर्शक ॲक्रिलिकची, भाताच्या चार-सहा चुडांवर बसेल एवढी उंच. खाली चिखलात आधीच रोवलेली चौकट, तिच्या पन्हाळीत पाणी, म्हणजे पेटी ठेवली की हवा आत-बाहेर जाऊ नये. आत बॅटरीवरचा छोटा पंखा आणि तापमापक. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान पेटी ठेवायची आणि ठरलेल्या मिनिटांनी इंजेक्शनच्या सिरिंजनं आतली हवा ओढून बंद कुप्यांत भरायची. त्या कुप्या पुण्यात आणून गॅस क्रोमॅटोग्राफवर लावायच्या. पेटीपर्यंत जायला बांधावरून फळी टाकलेली असते, कारण खाचरात पाय पडला की चिखलातले बुडबुडे सुटतात आणि त्या दिवशीचा आकडा आपल्याच पायानं फुगतो. जुलैत मुसळधार पावसात फळी शेवाळते. सिरिंज एका हातात, छत्री दुसऱ्या हातात, घड्याळाकडं बघायला तिसरा हात नसतो.

पवना नदीकाठच्या पवन मावळातल्या ज्या खाचरांवर आम्ही ही पेटी ठेवतो, त्यांचे मालक, सगळे त्यांना तात्या म्हणतात, पहिल्या दिवशी बांधावर उकिडवे बसून बघत होते.

"ताई, पेटीत काय धरताय?"

"वायू, तात्या. चिखलातनं निघतो तो."

"मंग माझ्या म्हशीला बी घाला की एकदा पेटीत. ती बी लई सोडती."

सगळे हसले. तात्या थट्टा करत होते, पण बरोबर बोलत होते. भारतीय शेतीतला सर्वांत जास्त मिथेन गुरांच्याच पोटातून येतो, भात त्याच्यानंतर.

आम्ही वापरतो त्या मॉडेलांपैकी एक मूळ चीनचे शास्त्रज्ञ चांगशेंग ली यांनी अमेरिकेत बनवलेलं, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेलं. जगभर त्यावर काम झालंय आणि ते खरोखर हुशार आहे. मातीच्या एकेका थरात दर दिवशी किती प्राणवायू उरला, कुठले जीव जागे झाले, युरियाचं अमोनियम किती झालं, त्याचं नायट्रेट किती झालं, हे ते मांडत जातं. पण खाचरातल्या पाण्याबद्दल, रोजची पातळी ठाऊक नसेल तर, ते आपल्याला दोन तारखा विचारतं: पाणी भरलं कधी आणि सोडलं कधी. कालव्याच्या पाण्यावरच्या शेताला हा प्रश्न ठीक आहे. मावळात पाणी भरत नाही आणि सोडतही नाही कुणी. ते वरच्या खाचरातून खालच्या खाचरात येतं, बांधाला पाडलेल्या तोंडातून पुढं जातं, आणि रात्रीतून कधी कधी नाहीसंच होतं.

"रात्री कुठं गेलं पाणी, तात्या?"

"खेकड्यानं नेलं."

मला वाटलं पुन्हा थट्टा. तात्यांनी बांधाच्या पोटात हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. खेकडे बांधाला बिळं पाडतात, एका रात्रीत खाचर रिकामं होतं. मग माती आणि गवताचा बोळा करून बीळ बुजवायचं, वरून पायानं चेपायचं. ज्या वर्षी गावात खेकडे पकडायला जास्त लोक रात्री बत्त्या घेऊन निघतात, त्या वर्षी बांध कमी फुटतात, असं तात्यांचं म्हणणं. हे मी मोजलेलं नाही, पण त्यांच्या म्हणण्याला खोटं ठरवायला माझ्याकडं काहीही नाही. एवढं मात्र आमच्या नोंदींत स्पष्ट दिसलं की शेजारशेजारच्या दोन खाचरांत, एकाच पावसाखाली, पाण्याची पातळी वेगळी चालते, आणि ज्यातलं पाणी मधूनमधून गळतं त्यातला मिथेन कमी असतो. बाहेरून दोन्ही हिरवीगार, उपग्रहाच्या चित्रात एकसारखी.

पाणी मोजायचं कसं, यावर आम्ही बरेच हात भाजून घेतले. इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलींनी पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बनवलं. वर सौरपट्टी, आत सिमकार्ड, दर तासाला आकडा थेट माझ्या टेबलावर. कर्वेनगरात गच्चीवर पिंपात ठेवून बघितलं तेव्हा सुरेख चाललं. मावळात आषाढात दोन-दोन आठवडे सूर्य दिसत नाही, तेव्हा बॅटरी बसली. डोंगराच्या कुशीत मोबाइलला रेंज नाही. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात मुंग्यांनी घर केलं. एक खांब म्हशीनं अंग घासून आडवा केला. मुली जिद्दीच्या होत्या, त्यांनी बॅटरी मोठी केली, आकडे यंत्रातच साठवायची सोय केली, जाळी बसवली. आता निम्मा हंगाम तरी यंत्र तग धरतं.

पण संपूर्ण हंगामाची अखंड नोंद मिळाली ती वेगळ्याच ठिकाणी. भाताला आळीपाळीनं पाणी देणं आणि सुकवणं ही पद्धत फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं पुढं आणली. त्यासाठी प्लॅस्टिकच्या पाइपचा एक तुकडा भोकं पाडून चिखलात रोवतात, आत डोकावलं की जमिनीखाली पाणी किती खोल आहे ते दिसतं. ते १५ सेंटिमीटरच्या खाली गेलं की पाणी द्यायचं. आम्ही तसे पाइप रोवले आणि आत घालायला खुणा केलेली काठी दिली. तात्यांच्या सूनबाई गुरं सोडायला जाताना रोज काठी बुडवायच्या आणि घरी येऊन कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहायच्या. एका कोपऱ्यात दुधाचा रतीब, दुसऱ्यात खाचराचं पाणी. महिन्याच्या शेवटी पानाचा फोटो काढून, रेंजमध्ये आल्या की व्हॉट्सॲपवर टाकायच्या. नागपंचमीच्या चौकोनातसुद्धा आकडा आहे. आम्ही त्यांना या कामाचे पैसे देतो, आणि ते प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात "किरकोळ" या मथळ्याखाली घालावे लागतात याचा मला राग येतो. संगणकाचा परवाना "उपकरणे", आणि ज्या आकड्यावर सगळं उभं आहे तो किरकोळ.

ही नोंद मॉडेलमध्ये भरली तेव्हा चित्र बदललं. कागदावरच्या दोन तारखा घेऊन मॉडेल जेवढा मिथेन दाखवत होतं, त्याहून पेटीतला आकडा बराच कमी यायचा. खरी पातळी भरल्यावर दोन्ही एकमेकांच्या जवळ आले. आणि एक गोष्ट स्पष्ट झाली, जी नीट वाचली असती तर हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेतही होतीच. त्या मार्गदर्शिकेत दक्षिण आशियातल्या, सतत पाण्यात उभ्या असलेल्या भातासाठी हेक्टरी रोज ०.८५ किलो मिथेन धरलाय. पाणी अनेकदा सुकवलं तर त्याला ०.५५ नं गुणायचं. आणि पावसावरच्या भाताला? ०.५४. म्हणजे मावळातला शेतकरी आज, काहीही न करता, जवळपास तिथंच आहे जिथं त्याला "हवामानपूरक" व्हायला सांगितलं जातंय. श्रावणात धो-धो पाऊस असताना खाचर सुकवा असं त्याला सांगणं तर निव्वळ हास्यास्पद आहे. भाद्रपदात उघडीप मिळते, पण तेव्हा पीक पोटरीत असतं; त्या वेळी पाणी तोडलं आणि पाऊस परत आला नाही तर दाणे पोचट. आणि सुकवलेल्या मातीत ताजा युरिया असेल तर नायट्रस ऑक्साइड सुटतो, जो २७३ पट तापवतो. मिथेनचं पाप टाळायला जाऊन दुसरं पदरात घ्यायचं.

मग मॉडेलचा उपयोग काय, असं मला एकदा तालुक्याच्या बैठकीत तोंडावर विचारलं गेलं. उपयोग झाला, पण जिकडं सगळे बघत होते तिकडं नाही. पैसा मिथेनसाठी येतो, म्हणून आम्ही मिथेन मोजायला गेलो. मॉडेल मात्र दर वेळी दुसऱ्याच रकान्यात मोठा आकडा दाखवायचं: वाहून गेलेलं नत्र. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात शिवाजीनगरला साडेसातशेच्या आसपास, आणि मावळ तालुका लोणावळ्यापासून पुण्याच्या दिशेनं पसरलेला. एकाच तालुक्यात, डोंगराच्या या बाजूला आणि त्या बाजूला, पाऊस दुप्पट-तिप्पट बदलतो. लावणीनंतर फेकलेला युरिया पुढच्या दोन दिवसांत मोठी सर आली तर ओढ्याला जातो. एका हंगामाचा पाऊस ठेवून आम्ही फक्त युरियाची तारीख पुढं-मागं केली, तर नुकसानीचा आकडा नुसता नाचत होता. इतर काही बदलून तो एवढा हलत नव्हता.

तात्यांना हे नवीन नव्हतं. "पावसाच्या तोंडावर खत टाकू नये हे आमच्या बाला बी म्हाईत हुतं. पर पाऊस कधी येनार ते कोन सांगनार?" इथं मात्र पुण्याला सांगता येतं. हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, पाच दिवसांचा अंदाज घेऊन. महसूल मंडळाला एक याप्रमाणे राज्यभर महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिलीत. डोंगराळ भागात एका मंडळाला एक केंद्र अपुरं आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. अंदाज, केंद्राचा पाऊस आणि सूनबाईंच्या कॅलेंडरातली पातळी एकत्र करून आम्ही गावाच्या व्हॉट्सॲप गटावर एकच ओळ टाकू लागलो: आज युरिया टाका, किंवा थांबा. मिथेनबद्दल अवाक्षर नाही. या ओळीला लोक उत्तर देतात, ती चुकली तर बोलही लावतात, आणि ते ठीकच आहे. एखाद्या सल्ल्याला शिव्या पडायला लागल्या म्हणजे तो वापरला जातोय.

त्याहून पक्का उपाय महाराष्ट्रातच पूर्वी शोधला गेलाय. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भात लागवड. भाताच्या तुसाची आणि पेंढ्याची परत जमिनीला भेट, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आळीपाळीच्या अंतरानं लावणी, आणि दर चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, गुंठ्याला ६२५, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत खत. गोळी त्या थरात जाते जिथं प्राणवायू नाही. तिथं अमोनियम चिकणमातीला धरून राहतं, नायट्रेट होत नाही, हवेत उडत नाही, पावसानं वाहत नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला इंद्रायणी आज मावळात घरोघर आहे, आणि त्याच खाचरांत ही गोळी अजून तुरळक दिसते. आमचं मॉडेल या गोळीचं भरभरून कौतुक करतं. तात्यांनी अर्ध्या खाचरात ती टाकली, पीक जोमदार आलं, आणि पुढच्या वर्षी टाकली नाही.

कारण विचारलं तर सूनबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही वाका की एक दिस." ६२५ वेळा वाकून चिखलात हात खुपसायचा, तो एका गुंठ्याला. लावणीनं आधीच कंबर मोडलेली असते आणि हे काम बायकांच्याच वाट्याला येतं. युरियाचं ४५ किलोचं पोतं अनुदानामुळं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. एका बाईची एका दिवसाची मजुरी हल्ली त्याहून जास्त. वाया गेलेलं नत्र शेतकऱ्याला स्वस्त पडतं. ज्यांना महाग पडतं, म्हणजे खाली पवनेचं पाणी पिणारे पिंपरी-चिंचवडकर आणि एकूण हवामान, ते खिशात हात घालत नाहीत. यावर मॉडेलला उत्तर नाही, आणि त्याच्याकडून ते मागूही नये. गोळी खोचायचं सोपं, हलकं, मावळी चिखलात न रुतणारं अवजार कुणी केलं तर ते माझ्या सगळ्या आलेखांपेक्षा जास्त काम करील. त्या अभियांत्रिकीच्या मुलींना मी आता पाणीमापकाऐवजी तेच करायला लावलंय.

बारामतीला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या साथीनं उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, त्याचा गेल्या काही वर्षांत खूप गाजावाजा झाला. तसं मावळात का करत नाही, हा प्रश्न मला दर लग्नकार्यात ऐकावा लागतो. ऊस सपाटीवर असतो, ठिबकावर असतो. पाण्याचा नळ शेतकऱ्याच्या हातात असतो. यंत्रानं "आज पाणी द्या" म्हटलं तर तो देऊ शकतो. पवन मावळात नळ ढगाच्या हातात आहे. तिथं यंत्राची हुशारी सल्ल्यात कमी, आणि काय आपल्या हातात आहे हे नेमकं ओळखण्यात जास्त लागते. बारामतीचं मला कौतुक आहे. मात्र त्याची नक्कल डोंगरावर चढवणं मला पटत नाही.

मध्यंतरी गावात एका कंपनीचे लोक आले. कार्बन क्रेडिटचा करार. तुम्ही भातात पाणी कमी ठेवा, आम्ही वाचलेला मिथेन विकू, पैसे तुमच्या खात्यात. मोबाइलवर शेताची हद्द आखायची, उपग्रह बघणार, मॉडेल हिशेब करणार. कुणी चिखलात उतरणार का, असं मी विचारलं. त्याची गरज नाही असं उत्तर मिळालं. मी घरी येऊन तात्यांसाठी साधा हिशेब केला. शंभर दिवस सतत पाण्यात असलेलं भात धरा, ०.८५ नं ८५ किलो मिथेन. त्यातला ४५ टक्के वाचला, अडतीस किलो. सत्तावीसनं गुणा: हेक्टरी एक टन. तात्यांचे वीस गुंठे म्हणजे टनाचा पाचवा हिस्सा. टनाला दहा डॉलर मिळाले असं मानलं, आणि मधल्या सगळ्यांनी आपला वाटा सोडला असंही मानलं, तरी हंगामाला पावणेदोनशे रुपये. आणि तेही त्यांचं खाचर आधी सतत भरलेलं होतं असं खोटं गृहीत धरून. पावसावरचं खाचर धरलं तर वाचवायला काही उरतच नाही. चीनमधल्या अशा भातमिथेनच्या ३७ प्रकल्पांना २०२४ मध्ये व्हेरा या नोंदणी संस्थेनं नाकारलं; जुनी पद्धत तिनं त्याआधीच मोडीत काढली होती, नवी २०२५ मध्ये आणली. तिथंही प्रश्न हाच होता की वाचलं म्हणता ते खरंच वाचलं का.

तात्यांनी कागद उलटा-पालटा करून बघितला आणि विचारलं, "म्हंजे खेकड्याचं पैसं मला?" त्यांनी सही केली नाही. शेजारच्या काहींनी केली. त्यांना अजून काही मिळालेलं नाही, पण एक हंगामच झालाय, तेव्हा त्यावर आजच निकाल देत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गावाकडं थोडीफार जमीन असेल. भाऊ किंवा चुलते ती कसत असतील आणि असा करार दारात आला की फोन पुण्यालाच करतील. त्यांना सांगा, आधी तीन गोष्टी विचारा. आपल्या तालुक्यात, आपल्यासारख्या मातीत आणि पावसात, प्रत्यक्ष मोजणी कुठं झाली? आपलं शेत आज कसं आहे, हे तुम्ही धरलेल्या आकड्यात आहे की कुठल्या सतत भरलेल्या शेतावरून उचललंय? आणि पाण्याची रोजची नोंद आमच्या घरातली बाई ठेवणार असेल तर तिला किती देणार? उत्तरं कागदावर मागा, मराठीत मागा. मिळाली तर करार जरूर वाचा. न मिळाल्यास सही करू नका.